चारान्याचा थांबा

चारान्या गावाला फलाट असा नव्हताच. रुळांच्या कडेला खडी पसरलेली, मागं कस्टमची दगडी खोली, पलीकडं पाण्याची लोखंडी टाकी, आणि या सगळ्यावरून दिवसभर वाहणारा वारा. तरी आठवड्यातून एकदा, समुद्राकडून अरिकाहून चढत आलेली आणि ला पाझहून उतरत आलेली अशा दोन गाड्या दुपारी तिथं शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, की त्या खडीवर पाय ठेवायला जागा उरायची नाही. बासिलियाला आपली जागा धरायला सकाळीच जावं लागायचं. तिच्या बाजूला एनग्रासिया बसायची. दोघींची पातेली सारखीच, पातेल्यातलं सूपही सारखंच. लोकरीसाठी पाळलेल्या लामा जनावराचं सुकं मटण, गहू आणि थंडीत गोठवून वाळवलेले काळे बटाटे. फरक आवाजात होता.

“इकडं या, इकडं!” एनग्रासिया ओरडायची. “तिच्या पातेल्यात नुसतं गरम पाणी आहे!”

“पाणी आहे, पण काल घासलेल्या पातेल्यात आहे,” बासिलिया शांतपणे म्हणायची आणि गिऱ्हाईक हसत हसत तिच्याकडं वळायचं.

ही गाडी चिलीनं बांधली. आधी लढाई करून आमचा, बोलिव्हियाचा समुद्र घेतला आणि मग समजूत काढायला गाडी दिली, असं आमच्या शाळेत शिकवायचे. बासिलिया शाळेत गेली नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं, की तिच्या आजोबांनी या रुळांखाली स्लीपर टाकले होते आणि त्यांच्या बरोबरच्या कितीतरी गड्यांना तिथंच रुळांच्या कडेला पुरलं होतं. आजोबांच्या वेळी घाटात दातेरी रूळ होते. इंजिन दातात दात अडकवून रांगत वर यायचं. पहिल्या वर्गातल्या बायकांना उंची लागायची, त्या बेशुद्ध पडायच्या, म्हणून डॉक्टर प्राणवायूची नळकांडी घेऊन डब्याडब्यातून फिरायचा. बासिलियाच्या काळात दातेरी रूळ निघाले होते, डिझेलचं इंजिन आलं होतं. उंची मात्र तेवढीच होती. चारान्याला उतरणारे निम्मे लोक डोकं धरून, पिवळे पडूनच उतरायचे आणि सुपाच्या आधी कोकाच्या पानांचा काढा मागायचे.

सरहद्द तिथंच. चिलीची माणसं गाडी चारान्यापर्यंत आणायची, बोलिव्हियाची माणसं पुढं न्यायची. पासपोर्टांवर शिक्के बसायचे, पेट्या उघडल्या जायच्या, इंजिनं बदलायची. मग चिलीची माणसं ला पाझहून आलेल्या गाडीत चढून खाली परत जायची. या सगळ्यात दोन-अडीच तास मोडायचे. चारान्या गाव त्या दोन-अडीच तासांवर जगत होतं.

चिलीच्या माणसांत आनिबाल ओस्तोस नावाचा एक गार्ड होता. धिप्पाड, मिशाळ, बडबड्या. बासिलियाचा नवरा रुळांवर गँगमन होता. त्याची आणि आनिबालची दोस्ती जमली. मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्मा द्यायला पाद्रीही याच गाडीनं आला आणि धर्मबाप म्हणून आनिबाल उभा राहिला. पोरीचं नाव देल्फिना ठेवलं. त्या दिवसापासून बासिलिया आनिबालची कोमाद्रे झाली आणि तो तिचा कोम्पाद्रे. हे नातं आमच्याकडं सख्ख्या भावाबहिणीपेक्षा जड. सरकारं एकमेकांचे राजदूत हाकलून देत होती, सरहद्दीच्या शेतांत सुरुंग पेरले जात होते, चरायला गेलेले लामा त्यात उडत होते, पण आनिबाल दर खेपेला जैतुनाची बरणी घेऊन उतरायचा आणि लांबूनच हाक मारायचा, “कोमाद्रे! आज सुपात मटण आहे का नुसती आठवण?”

देल्फिना पाच वर्षांची असताना एका पावसाळ्यात मातीचा लोंढा रुळांवर आला. बासिलियाचा नवरा तो उपसायला गेला आणि दुसऱ्या लोंढ्याखाली गेला. पदरात देल्फिना आणि तान्हा सिमोन. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. गवताची मुळंसुद्धा वाऱ्यानं उपटून नेली. लामा आधी गाभडले, मग बसल्या जागी मेले. सूप पातळ होत गेलं. एनग्रासियानंही तिच्या पातेल्यावरून टोमणे मारायचं सोडून दिलं, कारण आता दोघींच्याही पातेल्यात खरंच पाणी होतं. त्या थंडीत सिमोनला खोकला झाला. आठवडाभर तो छातीतून शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेत राहिला आणि एका सकाळी थांबला.

आनिबालनं हे ऐकलं आणि पुढच्या खेपेला तो बायकोला घेऊन आला. रेबेकाला मूलबाळ नव्हतं. ती समुद्राकाठची बाई, आयुष्यात पहिल्यांदा वर आलेली. कस्टमच्या खोलीतल्या बाकावर ती आडवी पडली होती, ओठ निळे झाले होते, तरी तिनं बासिलियाचा हात धरून ठेवला होता.

“कोमाद्रे, रागावू नका,” ती म्हणाली. “पोरीला थोडे दिवस आमच्याकडं पाठवा. पाऊस येईपर्यंत. शाळेतही घालीन मी तिला.”



“अहो, गाडी आहे की,” आनिबाल म्हणाला. “मी आहे. महिन्याच्या महिन्याला आणून भेटवतो. ला पाझला कुणाकडं ठेवली असती तर वर्षातून एकदा तोंड दिसलं असतं. ही तर घरच्या गाडीनं ये-जा करणार.”

बासिलियानं देल्फिनाकडं पाहिलं. पोरगी एनग्रासियाच्या पातेल्याजवळ उकिडवी बसून वाफेत हात शेकत होती. मनगटं काटकीसारखी झाली होती. दुसरं लेकरूही मातीत घालायचं बळ बासिलियात नव्हतं.

“समुद्र बघायला चाललीस,” तिनं पोरीला सांगितलं.

“आणि तू?”

“मी पुढच्या गाडीनं येते.”

लहान पोराला सांगतात तसं तिनं सांगितलं. देल्फिनानं ते खरं मानलं आणि उड्या मारत डब्यात चढली.

आनिबाल शब्दाला जागला. महिन्याच्या महिन्याला पोर दाराशी उभी असलेली दिसायची. पहिल्या खेपेला ती उतरली ती रडतच. “आली नाहीस तू त्या गाडीनं!” म्हणाली आणि आईच्या घागऱ्याला बिलगून दोन तास तशीच राहिली, जाताना आनिबालला तिला उचलून न्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला कमी रडली. मग रडेनाशी झाली. गाल भरले, पायात बूट आले. शाळेत काय काय शिकवतात ते ती आधी घरच्या आयमारा बोलीत सांगायची, मग आयमारा आणि स्पॅनिश मिसळून, मग स्पॅनिशमध्येच. आणि बासिलियानं आयमारात विचारलं तरी उत्तर स्पॅनिशमध्ये यायचं. पाऊस परत आला. बासिलियाकडं पुन्हा चार लामा झाले, मग आठ. परत आणायचं बोलणं निघालं की रेबेकाचा निरोप यायचा, एवढं वर्ष पुरं होऊ द्या, शाळेच्या मध्येच नको. त्यात खोटं काही नव्हतं.

एका खेपेला देल्फिना डब्यातून उतरली आणि खडीवरच वाकून ओकली. तोंड पांढरंफटक, डोकं दोन्ही हातांत धरलेलं. चारान्यात जन्मलेल्या पोरीला चारान्याची उंची लागली होती.

“अगं बाई बाई!” एनग्रासिया ओरडली. “ही बघा चिलीची मॅडम! आणा रे हिला प्राणवायू!”

सगळी खडी हसली. शिक्के मारणारा शिपाई खिडकीतून डोकं काढून हसला. देल्फिना लाजली, मग तीही हसली. बासिलियाही हसली. तिनं कोकाचा काढा केला आणि परक्या गिऱ्हाइकाला द्यावा तसा फुंकर घालून पोरीच्या हातात दिला. गाडी गेल्यावर तिनं पातेल्यात उरलेलं सूप न खाता कुत्र्यांना घातलं.

पुढं गाडीचंच बिनसायला लागलं. दुसऱ्या खिंडीतून डांबरी रस्ता झाला, बसवाले सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचवायला लागले. पावसात पूल वाहून गेले ते महिनोन्महिने तसेच राहिले. आठवड्याची गाडी पंधरा दिवसांनी यायला लागली, मग महिन्यानं. डबे चारावरून दोनावर आले, खिडक्यांच्या काचांच्या जागी पत्रे लागले. देल्फिनाच्या खेपाही विरळ झाल्या. कधी परीक्षा, कधी ताप, कधी गाडीच नाही. मग एकदा आनिबाल एकटाच उतरला आणि जैतुनाची बरणी हातात तशीच धरून म्हणाला, “कोमाद्रे, पुढच्या महिन्यात शेवटची. मग माणसांची गाडी बंद. मालगाडी चालेल तेवढी. पोरीला घेऊन येतो. काय ते त्याच दिवशी ठरवा.”

तो महिना बासिलियानं घर सारवण्यात घालवला. भिंतीला पांढरी माती लावली. स्वतःच्या लामांची लोकर कातून पोरीच्या अंथरुणासाठी एक घोंगडी विणली, लाल आणि पिवळ्या पट्ट्यांची. विणता विणता ती मनाशी बोलणं जुळवत होती. देल्फिना, आता इथं राहा. नाही, असं नको. देल्फिना, राहशील का? असं विचारायचं. तेरा वर्षांची झाली आहे, तिचं तिला कळतं. तिनं स्वतःहून राहते म्हटलं तर रेबेकालाही वाईट वाटायला नको.

त्या दिवशी खडीवर सगळं गाव होतं. कुणीतरी इंजिनाला कागदी फुलांच्या माळा घातल्या होत्या, बँडवाले वाऱ्यात फुंकत होते. देल्फिना उतरली. केस खांद्यापर्यंत कापलेले, वेण्या नाहीत. बासिलिया तिला पाण्याच्या टाकीमागं वारा नव्हता तिथं घेऊन गेली. दोघी दगडावर बसल्या.

“डोकं दुखतंय?”

“थोडं.”

“शाळा कशी आहे?”

“बरी.”

“पहिली आलीस म्हणं.”

“दुसरी.”

“दुसरी म्हणजेसुद्धा काय कमी आहे?”

देल्फिना बुटाच्या टोकानं खडी उकरत राहिली. बँड थांबला, पुन्हा सुरू झाला.

“गाडी बंद होणार,” बासिलिया म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग? तुझं काय म्हणणं आहे?”

पोरीनं खांदे उडवले. “तू म्हणशील तसं.”

बासिलियानं तिच्याकडं नीट पाहिलं. नखं स्वच्छ, ओठ न फाटलेले. गाडी गेल्यावर या गावात काय राहणार होतं? शाळा चौथीपर्यंत. सूप प्यायला कुणी नाही. आणि पोरगी तर “राहते” म्हणत नव्हती. राहायचं असतं तर म्हणाली असती, असं बासिलियाला वाटलं. तिला आपल्याला दुखवायचं नाही, म्हणून ती गप्प आहे, असंही वाटलं.

“शाळा पुरी कर,” ती म्हणाली. “तिथंच बरं आहे तुझं.”

“बरं,” देल्फिना म्हणाली.

गार्डच्या डब्याच्या दारात आनिबाल उभा होता. दोघी जवळ आल्या तसं त्यानं विचारलं, “मग कोमाद्रे, काय ठरलं?”

“जाऊ दे तिला. शाळा आहे.”

“नक्की ना?”

“नक्की.”

तो क्षणभर पोरीकडं बघत राहिला. “नक्की ना, कोमाद्रे?” त्यानं पुन्हा विचारलं. बासिलियाला त्याचा रागच आला. किती वेळा वदवून घ्यायचं माणसाकडून? तिनं मान हलवली. देल्फिना डब्यात चढली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसली, म्हणून खिडकीतून दिसली नाही. गाडी हलली. पोरं रुळांवरून मागं धावली, बायका रुमाल हलवत होत्या. एनग्रासिया डोळे पुसत बासिलियाला म्हणाली, “रडली नाही गं पोर तुझी. शहाणी झाली.”

त्यानंतर बारा वर्षं गेली. बारा वर्षं हा काही पळभराचा वेळ नव्हे. सरहद्दीपलीकडच्या विस्विरी गावाहून खाली ट्रक जात होते, ठरवलं असतं तर बासिलिया केव्हाही गेली असती. आधी कारण होतं की ओळखपत्र नाही. मग ओळखपत्र झालं तर लामा विणीला आलेले. मग लोकर कातरायचे दिवस. मालगाडीच्या ड्रायव्हरांबरोबर सुरुवातीला निरोप यायचे, एकदा स्वेटर आला, एकदा शाळेतला फोटो. दोन वर्षांत आनिबाल गेला. आजार काही नव्हता, ड्रायव्हर म्हणाले. घरी बसला आणि विझला. तो गेल्यावर निरोपही आटले. बासिलिया मालगाडी आली की ड्रायव्हरला सूप द्यायची आणि विचारायची, “अरिकाचं काही?” तो म्हणायचा, “नाही, मामी.” खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. खाली जाऊन काय दिसेल, याची. न गेल्यामुळं निदान काही दिसत तरी नव्हतं.

मग एका ड्रायव्हरनं सांगितलं, “मामी, नात झाली तुम्हाला. नोएमी नाव ठेवलंय. बापाचं बंदरावर काम आहे.” तेव्हा एनग्रासियाच तिच्यावर ओरडली, “आता तरी जा, मेल्ये! का मी मेल्यावर जाणार? लामा मी बघते तुझे.”

बासिलिया चालत विस्विरीला गेली, तिथून ट्रकच्या मागं पिंपांमध्ये बसून खाली उतरली. उतरता उतरता कानात दडे बसले, अंगावरची लोकर जड झाली, हवा ओल्या कापडासारखी नाकातोंडाला चिकटायला लागली. आख्ख्या गावाला मासळीच्या कारखान्याचा वास. विचारत विचारत ती टेकडीवरच्या त्या घरापाशी पोचली. दार देल्फिनानंच उघडलं. कडेवर लेकरू होतं.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग बाजूला सरली.

“या ना. या, बसा,” ती म्हणाली. “प्रवास फार झाला असेल तुम्हाला.”

बासिलियानं मागं वळून पाहिलं, आपल्याबरोबर आणखी कुणी आलं आहे का. कुणी नव्हतं. ते “तुम्ही” तिलाच होतं.

आतून रेबेकानं विचारलं, कोण आलंय. तिचे डोळे गेले होते, साखरेच्या आजारानं. “मम्मी, तू उठू नकोस, मी आणते त्यांना आत,” देल्फिना म्हणाली. रेबेकानं बासिलियाचे हात चाचपले, ओळखले आणि तिच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडली. देल्फिना चहा टाकायला गेली.

त्या घरात बासिलिया पाच-सहा दिवस राहिली. तिचं काही कमी केलं नाही कुणी. तिला देल्फिनानं स्वतःचा पलंग दिला. जेवताना चांगली बशी तिच्यापुढं, माशाचा मधला तुकडा तिच्या पानात. “घ्या ना अजून.” “तुम्हाला तिखट चालतं ना?” “तुम्ही राहू द्या, मी घासते भांडी.” रेबेकावर मात्र ती दिवसातून दहादा खेकसायची. “गोळी घेतलीस का? खोटं बोलू नकोस, मम्मी, मी मोजून ठेवते!” बासिलिया ते खेकसणं कान देऊन ऐकायची. आपल्यालाही कुणी असं ओरडावं, असं वाटून तिनं एकदा मुद्दामच शेगडीवरचं दूध उतू जाऊ दिलं. “असू दे, असू दे,” देल्फिना म्हणाली, “तुम्हाला गॅसची सवय नसेल.” आणि पुसून घेतलं.

देल्फिना बालवाडीत शिकवत होती. एका दुपारी ती लवकर घरी आली. रेबेका झोपली होती. मागच्या अंगणात देल्फिना लेकराचे कपडे वाळत घालत होती आणि बासिलिया तिला चिमटे देत होती. नोएमी टोपलीत झोपलेली.

“मला तू म्हण की गं,” बासिलिया म्हणाली.

देल्फिनाचे हात थांबले. “म्हणायला जाते, पण येत नाही तोंडात,” ती म्हणाली. “मुद्दाम नाही करत.”

“मला ठाऊक आहे.”

तिनं आणखी एक झबलं दोरीवर टाकलं, पण चिमटा लावला नाही. “एक विचारू? शेवटच्या गाडीला तुम्ही मला ठेवून का घेतलं नाही?”

“तूच म्हणालीस, तू म्हणशील तसं.”

“मी तेरा वर्षांची होते.”

बासिलियानं पुढचा चिमटा काढून हातात धरला.

“माझी ट्रंक होती गाडीत,” देल्फिना म्हणाली. आवाज चढला नव्हता. वर्गात पोरांना गोष्ट सांगावी तशी ती सांगत होती. “गार्डच्या डब्यात. सगळं भरून आणलं होतं मी. कपडे, पुस्तकं, बाहुलीसुद्धा. पप्पांना सांगून ठेवलं होतं, आई राहा म्हणाली की उतरवा. ते दारात उभे होते ना? ट्रंक त्यांच्या पायाशीच होती. दोनदा विचारलं त्यांनी तुम्हाला.”

“मला काय माहीत, पोरी…”

“नव्हतंच माहीत. मी सांगू नका म्हटलं होतं. मला तुमच्या तोंडून यायला हवं होतं. मी मागितलं म्हणून नको होतं.” तिनं झबल्याची सुरकुती हातानं सरळ केली. “खाली येताना पप्पा घाट संपेपर्यंत बोलले नाहीत. स्वतःचा कोट तेवढा माझ्यावर घातला. आणि मम्मीला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण तिनं सकाळीच रिकामं कपाट बघितलं होतं. मी परत आलेली बघून ती एक शब्द बोलली नाही. ट्रंक उघडली, एकेक कपडा झटकला, घडी केली आणि परत कपाटात लावला. मी दारात उभी राहून बघत होते. त्या दिवशी ठरवलं, आता इथलंच व्हायचं.”

“मला वाटलं, तुला इथं करमतंय.”

“करमत होतं. खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी मी राहिले असते.”

बासिलियाच्या ओठांवर आलं होतं, घर सारवल्याचं, पांढऱ्या मातीचं, लाल-पिवळ्या घोंगडीचं. ती घोंगडी बारा वर्षं त्या रिकाम्या अंथरुणावर घडी करून ठेवलेली होती. पण आता सांगून पोरीच्या डोक्यावर आणखी एक ओझं कशाला ठेवायचं, असं तिला वाटलं. तिनं हातातला चिमटा पुढं केला.

“मी मोठी होते गं,” ती म्हणाली. “तू लहान होतीस. बोलायचं मी होतं.”

देल्फिनानं चिमटा घेतला आणि त्या झबल्याला लावला. तिचा चेहरा हलला, पण ती रडली नाही. “मी रागावलेली नाही तुमच्यावर,” ती म्हणाली. “होते, खूप वर्षं. आता नाही. आता फक्त… तुम्ही आलात की मला कसं वागायचं ते कळत नाही.”

टोपलीतलं लेकरू जागं झालं. देल्फिना त्याला घ्यायला वळली.

दुसऱ्या दिवशी बासिलिया निघाली. लामा एनग्रासियाकडं आहेत, जास्त राहता येत नाही, असं तिनं सांगितलं, आणि फार आग्रह कुणी केला नाही. रेबेका तेवढी तिचा हात सोडेना. “कोमाद्रे, मी तुमची चोर आहे,” ती म्हणाली.

“तुम्ही तिला जगवलीत,” बासिलिया म्हणाली. “माझ्याकडं असती तर सिमोनच्या शेजारी असती.” हे तिनं मनापासून म्हटलं.

ट्रकपाशी देल्फिनानं तिला पावाची पिशवी दिली, पाण्याची बाटली दिली, गळ्याभोवतीची शाल नीट केली. नोएमीला पुढं केलं. बासिलियानं नातीच्या डोक्याचा वास घेतला. साबणाचा वास होता.

“सांभाळून जा,” देल्फिना म्हणाली. “पुन्हा या तुम्ही.”

चारान्यात एनग्रासिया वाट बघत बसली होती. लामा आत घेऊन, चूल पेटवून. बासिलिया दारातून आत आली आणि मधोमध उभी राहिली.

“काय म्हणाली लेक?”

“बरी आहे. बालवाडीत शिकवते.”

“नात कुणावर गेलीय?”

“बापावर असेल. मी बाप बघितला नाही, तो बंदरावरच होता.”

“गळ्यात पडली असेल, रडली असेल.”

“नाही.”

“शहाणी आहे,” एनग्रासिया म्हणाली, आणि मग तिनं बासिलियाच्या तोंडाकडं पाहिलं. “अगं, काय झालं?”

“तिची ट्रंक होती गं गाडीत,” बासिलिया म्हणाली. “ती राहायला आली होती.”

आणि मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि जनावर ओरडावं तशी ओरडून रडली. नवरा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती, सिमोन गेला तेव्हाही नाही. तेव्हा पोटाची चिंता होती, रडायला सवड नव्हती. एनग्रासियाला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा ती उठून तिच्यामागं बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या वेण्या सोडून पुन्हा घालत राहिली, घालत राहिली.

पुढच्या वर्षी देल्फिनाचा निरोप आला, नोएमीला घेऊन येते म्हणून. मग लेकराला गोवर झाला. त्याच्या पुढच्या वर्षी रेबेका गेली. त्यानंतर मालगाडीही कधीमधीच यायला लागली, आणि आली तर ड्रायव्हर नवे असायचे, त्यांना कुणाचीच माहिती नसायची. देल्फिना वर आली नाही. गावातल्या बायका तिला नावं ठेवायच्या. शिकली, शहरची झाली, आईला विसरली म्हणायच्या. बासिलिया त्यांच्याशी भांडायची नाही. असं बोलणं निघालं की ती लोकरीच्या सुताची गुंडी उचलायची आणि तिथून उठून जायची.